बासष्ट लिटर

१२ जानेवारी, सोमवार

नवी वही, नवं काम. वही खरं तर मापांसाठी घेतली. पण माझ्या बायकोचं, पूर्वीचं म्हणणं, मापं लिहितोसच तर दिवसभरात काय घडलं तेही लिही, बाळ मोठं झालं की वाचेल, आपल्या बापाने बोट बांधली म्हणून. मी बोट बांधत नाहीये, जुनी दुरुस्त करतोय, हे तिला सांगण्यात अर्थ नाही. मजल्यावरच्या बायकांना तिचं जहाज म्हणून सांगून झालंय.

तर बाळा, तुला सातवा महिना लागलाय आणि तुझा बाप वैभव आज लालबाग सोडून वरळी कोळीवाड्यात कामाला लागला. बारा वर्षं मी लालबागच्या वर्कशॉपमध्ये फायबरची मखरं आणि फोमचे हत्ती केले. गणपती गेले की आमचे हात रिकामे. कोळीवाड्यातला अभय गेल्या वर्षी त्यांच्या मंडळाच्या सजावटीसाठी आला होता, तेव्हा त्याने माझं काम पाहिलं होतं. परवा त्याचा फोन आला, बोटीत फोम भरशील का. मी आधी हो म्हणालो आणि मग बोटीत फोम का भरतात ते शोधायला बसलो.

शोधल्यावर कळलं ते फार सोपं आहे. डेकच्या खाली बोट पोकळ असते. त्या पोकळीत पाणी शिरलं की बोट बुडते. तीच पोकळी फोमने गच्च भरली तर पाण्याला शिरायला जागाच उरत नाही. बोट फुटेल, उलटेल, पण बुडणार नाही.

शेड जेटीच्या अंगाला आहे. समोर सी लिंक, बाजूला वलांडीच्या काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि मध्ये सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून असलेली अठ्ठावीस फुटी बोट. अंग फायबरचं, अजून ठणठणीत. डेकचा प्लाय मात्र इतका कुजलेला की हाताचं बोट घातलं तर आत जातं. अभयच्या आईने, कांतामावशीने, काळा चहा आणि तळलेले बोंबील दिले. पहिल्याच दिवशी नोकरीवर इतके लाड झाल्याचं मला आठवत नाही. होळीच्या आधी बोट पाण्यात उतरवायची आहे. होऊन जाईल.

१४ जानेवारी, बुधवार

जुना डेक काढला. खाली पाच खण आहेत, मागून पुढे लहान होत जाणारे. इंजिनाच्या बाजूचा पहिला खण दोनशे चाळीस लिटरचा. मग दोनशे दहा, एकशे ऐंशी, एकशे वीस, आणि अगदी नाकाशी साठ लिटरचा चिमुकला पाचवा. दोनदा मोजले, एकदा पाणी ओतूनही पाहिले. मापाच्या बाबतीत मी खडूस आहे, तुझी आई सांगेलच.

कांतामावशीने तिळगूळ दिला आणि बोटीची गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा कुशाबा एकटाच बाहेर गेला होता, कारण अभय तापाने पडला होता. तिसऱ्या दिवशी बोट माहीमच्या बाजूला सापडली. इंजिन ठीक, जाळं आत, डबा अर्धा खाल्लेला. कुशाबा नाही. देह शेवटपर्यंत मिळाला नाही.

जाळं टाकल्यावर तो मागच्या खणात, इंजिनाच्या उबेला, पाय लांब करून पडायचा. ती त्याची जागा. आणि तिच्या घरात अशी रीत आहे की ज्याचा देह घरी आला नाही, त्याची बोटीतली जागा भरायची नाही. दोरी नाही, जाळं नाही, काही ठेवायचं नाही. बाकीचे चार खण खुशाल भर, मागचा सोड, असं तिने बजावलं. मी मान डोलावली.

पण खरं सांगू का, मला रिकामी जागा बघवत नाही. बीडीडी चाळीतल्या एकशे साठ फुटांत आम्ही सात जण वाढलो. पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्या, माळ्यावर धाकटा काका. गावाहून कोणी आलं की आजी मालवणीत म्हणायची, जागा नाय असा म्हणूचा नाय, आणि सगळे एक वीत सरकायचे. आता चाळीच्या जागी टॉवर झाला, पाचशे फुटांचं घर मिळालं, आणि आतली खोली तुझ्यासाठी अख्खी रिकामी आहे. मी रोज तिथे काहीतरी नेऊन ठेवतो आणि पूर्वी ते रोज बाहेर आणून ठेवते.

२२ जानेवारी, गुरुवार

नवा प्लाय बसला. वरून फायबरचे दोन थर. प्रत्येक खणावर दोन भोकं पाडली, एक ओतायला, एक हवा जायला. हवेच्या भोकातून फोम वर आला की खण भरला असं समजायचं.

मागच्या खणावरून अभयशी बोलणं झालं. इंजिनाचं सगळं वजन तिथे. तोच खण रिकामा ठेवला तर पाणी भरल्यावर बोट मागून खाली जाणार, आणि मग पुढच्या फोमचा उपयोग काय. अभयने मागच्या डेकवर तळहात टेकला. मग म्हणाला, भर. मला बापासारखं जायचं नाहीये. आईला सांगू नकोस. मी म्हटलं, फायबरच्या आत काय आहे ते तिला दिसणार थोडंच.

संध्याकाळी तिने विचारलं तर मी तिच्या तोंडावर सांगितलं की मागचा खण मोकळा राहील. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते मला फार लागलं. पण बोट तरंगणं महत्त्वाचं, असं मी स्वतःला बजावलं.

२७ जानेवारी, मंगळवार

मावशी लग्नाला अलिबागला गेली आहे, म्हणून आजच मागचा खण उरकला.

बाळा, हे काम बघण्यासारखं असतं. दोन डब्यांतली दोन द्रावणं सारखी घ्यायची, वीस सेकंद घुसळायची आणि ओतायची. अर्ध्या मिनिटात ते दूध उतू जावं तसं वर येतं. एका लिटरचा तीस लिटर फोम होतो. दोन मिनिटांत कडक. एकदम सगळं ओतायचं नाही, आत आग लागण्याइतकी उष्णता होते. थोडं थोडं ओतायचं, थर निवू द्यायचा, मग पुढचं.

एकच गोष्ट खटकली. दोनशे चाळीसचा खण एकशे अठ्ठ्याहत्तर लिटरमध्ये भरला. हवेच्या भोकातून फोम भसाभसा वर आला. बासष्ट लिटर कमी. कमी लागला तर अभय खूशच झाला. मी नाही झालो. बारा वर्षांत माझं माप पाच लिटरनेही चुकलेलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी पहिली गोष्ट म्हणजे एका डब्यात नमुना ओतून पाहिला. एकाचे बरोबर तीस. द्रावणात दोष नाही. मग पोकळी राहिली असणार म्हणून मागच्या खणावर बोटाच्या पेरांनी वाजवत गेलो. भरलेला खण मंद वाजतो, थप. रिकामा ढम वाजतो. अख्खा खण थप. कुठेही पोकळी नाही.

सहज म्हणून दुसऱ्या खणावर वाजवलं. तो अजून रिकामा आहे. ढम, ढम, ढम, आणि मध्येच थप. हात पुढे नेला. थप, थप. साडेपाच फूट लांब, दीड फूट रुंद. मग परत ढम.

फोन भोकातून आत घालून फोटो काढले. आत कोरडा, स्वच्छ, रिकामा खण. मी हसलो खरा. पण त्या भागावर पाय ठेवायचा टाळला, हे इथे लिहून ठेवतो.

१ फेब्रुवारी, रविवार

पूर्वीचं डोहाळजेवण. माझी आई शेवंती गेला आठवडाभर नुसती उड्या मारतेय. हिरव्या साडीत पूर्वी इतकी सुंदर दिसत होती की मला उगाच रडू आलं, आणि बायकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. दुपारी तिने माझा हात पोटावर ठेवला. जेवण झालं की तू डाव्या बाजूला हळू हळू लाथा मारतोस. तीन, मग थांबून तीन. आई म्हणाली, आजोबांवर गेलंय, शिस्तीचं आहे.

अभय आला होता. बोलता बोलता वडिलांचा विषय निघाला. म्हणाला, बाबा काटकुळे होते, कितीही खाल्लं तरी बासष्ट किलोच्या वर कधी गेले नाहीत.

माणसाचं अंग जवळजवळ पाण्याइतकंच भरतं. बासष्ट किलोचा माणूस बासष्ट लिटर जागा घेतो. हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा खण भरला. दोनशे दहाचा, एकशे सत्तरमध्ये.

चाळीस कमी. बासष्ट नाही, चाळीस. म्हणजे योगायोग होता. अभयला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं की मी जेवलोय का. मावशी परत आली आहे. लांबून बोटीकडे बघत बसते. मी तिच्याकडे पाठ करून काम करतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तिसऱ्या खणावर ओतण्याआधी वाजवलं. थप लागलं, पण लहान जागेत. साडेतीन फूट. एका टोकाला रुंद, जसा माणूस पाय पोटाशी घेऊन कुशीवर वळावा तसं.

मग भरला. बावीस लिटर कमी.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि थोडा धीर आला. ते जे काही आहे ते कमी होतंय. मागून पुढे सरकतंय आणि लहान होतंय. आणखी दोन खण भरले की त्याला उरायला जागाच राहणार नाही. कोणालाही विचारा, हे बरोबरच आहे. अर्धवट सोडणं जास्त वाईट.

अभय म्हणतो चार दिवस सुट्टी घे. सुट्टी नको. संपवायचंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चौथा. तीन लिटर कमी.

ओतताना आतून आवाज आला. ओरडण्याचा नाही. गर्दीच्या खोलीत झोपलेला माणूस दुसऱ्याला जागा करून देताना सुस्कारा टाकतो ना, तसा. लहानपणी मी तो रोज ऐकलाय.

हातातला मग खाली ठेवून मी जेटीवर जाऊन बसलो. भर अकराचं ऊन होतं. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. कोणाला तरी झोपेतून उठवून, कोपऱ्याकोपऱ्यातून हाकलत आणल्यासारखं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाचवा. शेवटचा. नाकाशी साठ लिटर.

वाजवलं. एका कोपऱ्यात, माझ्या दोन मुठी मावतील एवढ्या जागेत, थप. त्या जागेवर तळहात ठेवला. खालून काहीतरी हललं. फार हळू.

माझ्याने ओतवेना. घुसळलेला फोम मगातच फुगून वाया गेला. दुसरा मग घुसळला, तोही. मग मी डेकवर ओणवा झालो आणि भोकापाशी तोंड नेऊन म्हणालो, काका, इथे आता जागा नाही. आमच्याकडे चला. एक खोली रिकामी आहे.

असं का म्हणालो? जिभेवर आलं. आमच्यात दारात उभ्या माणसाला दुसरं काही म्हणत नाहीत.

वाजवून पाहिलं. ढम. सगळीकडे ढम.

ओतला. साठचा खण, बरोबर साठ लिटर. टिपूस कमी नाही. पहिल्यांदा माप जुळलं. इतका आनंद झाला की अभयला मिठी मारली. घरी जाताना पूर्वीसाठी मोगरा घेतला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

भोकं बंद केली, वरून फायबर लावलं. आता फक्त रंग.

दुपारी घरी जेवायला गेलो. आईने विचारलं, सकाळी कामावर न जाता आतल्या खोलीत का निजला होतास. मी सकाळी सातला बाहेर पडलो होतो. आई म्हणाली की कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन कोणीतरी पडलं होतं. तिने माझं म्हणून पांघरूण घातलं.

पांघरूण तिथेच होतं. ओलं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर त्या खोलीत बसून राहिलो. भिंती वाजवल्या, फरशी वाजवली. काही नाही. पूर्वीने विचारलं तर म्हटलं, फरशी नीट बसली आहे का ते बघतोय. तिला काय सांगू? मी एका बुडालेल्या माणसाला घरी बोलावलंय?

उद्या खोलीला कुलूप लावतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कुलूप घेऊन चारला आलो. पूर्वी त्याच खोलीत चटईवर झोपली होती. म्हणाली, तिथे गार वाटतं. दुपारभर इतकी गाढ झोप लागली की आईने हाका मारल्या तरी कळलं नाही.

खोलीत आता कोणी नाही. हे मला कसं कळलं सांगता येत नाही, पण खोली मोकळी आहे. खोलीतून तो गेलाय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जेवणानंतर पूर्वीच्या पोटावर हात ठेवला. तीन नाही. थांबून तीन नाही. वाट बघितली.

मग एक मोठी, संथ हालचाल. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. लहान मूल असं वळत नाही. जागा अपुरी आहे हे ज्याला माहीत आहे तो असा वळतो.

पूर्वी हसली. म्हणाली, शांत झालंय आता, लाथा नाहीत काही नाही. तोंडाला सारखी खारट चव येते एवढंच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सोनोग्राफी. डॉक्टर बाईंनी सांगितलं, ठोके छान, वजन छान. आडवं झोपलंय, पण वेळ आहे, फिरेल.

मी विचारलं, तेच आहे ना. त्यांना प्रश्न कळला नाही. पूर्वी माझ्याकडे बघत राहिली.

बाळा, मी आजही तुलाच लिहितोय. तू कुठे आहेस ते

२१ फेब्रुवारी, शनिवार

कांतामावशी आज बोटीवर चढली. मागच्या खणावर पेरं आपटली. थप. कोळणीच्या हाताला ते कळायला माझी गरज नव्हती.

ओरडली नाही. खाली बसली. विचारलं, त्याला कुठं धाडलंस रे.

मी सगळं सांगितलं. खोटं बोललो ते, बासष्ट, चाळीस, बावीस, तीन. घरी बोलावलं ते. पूर्वीचं. ती रडायला लागली आणि माझा हात सोडेना. म्हणाली, जागेवरून उठवलेला दुसऱ्याची जागा घेतो, म्हणून तर आम्ही ती राखतो. आणि ज्याची घेतो, तो ह्याच्या जागी येतो.

जागेच्या बदल्यात जागा. आम्हाला टॉवर मिळाला तो असाच.

करवतीने मागचा खण फोडला. एक हात खाली फोमच्या आत पोकळी लागली. वाजवून न कळलेली. साच्याचं काम केलंय मी, साचा ओळखतो. टाचा, पोटऱ्या, पाठ, डोक्याचा मागचा भाग. आतून गुळगुळीत. मावशीने त्यात हात घातला आणि त्याचं नाव घेतलं.

मग मी धावत जाऊन चौथा फोडला. कोहळ्याएवढी पोकळी. गुडघे पोटाशी. मुठी हनुवटीशी.

तो लहान होत नव्हता. मावायला शिकत होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

मागचा खण रिकामा करतोय. अभय पण. त्याला सगळं सांगितलं, तो पहार घेऊन आला. जागा मोकळी झाली की मावशी त्याला परत बोलावणार. तो परत आला की तू परत जागेवर. एवढंच धरून बसलोय.

पूर्वीला खरं सांगितलं. तिने मला खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. आत ती त्याच्याशी बोलत होती. बाळ म्हणून.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मागचा खण साफ. झाडून घेतला. मावशी काठावर बसून सकाळपासून हाका मारतेय. आवाज बसलाय तिचा. तिथे वाजवतो. ढम. ढम.

येत नाही. का येईल? त्याला ऊब मिळाली आहे —

दुपारी दीड. आईचा फोन. पूर्वी जेवली. सुखात आहे म्हणे. पोटात गप आहे —

आवाज.

डेकखाली. मागे नाही. पुढे.

पाचवा खण. जिथून मी त्याला घरी बोलावलं, आणि जो मग बरोबर भरला होता. साठचा साठ —

तीन. थांबून तीन.

डावीकडे —

अभयला ऐकू येतंय. मावशीलाही. मी एकटा नाही ऐकत —

तिथे जागा नाही. मीच ठेवली नाही. कोपरा न् कोपरा दाबून — बाळा तुला हात हलवायला पण —

वरचं फायबर काढलं. अभय करवत घेऊन आला, मी ओढून फेकली. कुठे आहेस कळत नाही. हाताने उकरतोय. नखं —

आत गेलो की आवाज खाली जातो. मी उकरतो तसा. घाबरलंय. मला घाबरलंय —

अकरा दिवस झाले, फोम थंड हवा. एक तळहाताएवढा भाग गरम आहे. अंगाएवढा गरम. कान लावला —

बाळा बाबा आहे मी. हलू नकोस. तीन वाजव, फक्त एकदा तीन, म्हणजे मला कळेल कुठून —

एक

दोन